टेप तापला तर मिळवायचे की वजा करायचे? बांधावरच्या बारा सेंटिमीटरचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकजवळ दिंडोरीच्या बाजूला काकांचे सपाट शेत आहे. त्याचा एक बांध ३० मीटरच्या स्टील टेपने जानेवारीत सकाळी मोजला, तेव्हा १४७.३८ मीटर भरला. मे महिन्यात भर दुपारी त्याच टेपने, त्याच दोन दगडांमध्ये मोजला, तर १४७.२६ आला. क प्रतीच्या, म्हणजे सरकारी मोजणीनंतर हाती मिळणाऱ्या नकाशावर ती बाजू १४७.३ दिसते. टेपवर ‘२०° से., ५० न्यूटन’ असे छापले आहे. जानेवारीत गहू उभा होता म्हणून टेप पिकाच्या वरून, हवेत धरला होता. मेमध्ये रान मोकळे होते, म्हणून जमिनीवर टाकून मोजले. विचारणारे डिप्लोमा सिव्हिलचे विद्यार्थी आहेत. त्यांनी पुस्तकातली तापमानाची दुरुस्ती लावली, तर बारा सेंटिमीटरचा फरक कमी व्हायच्या ऐवजी अठरा झाला. कोणते माप खरे धरायचे, आणि शेजाऱ्यांना काय सांगायचे?

आधी अठराचे बघू, कारण ही गल्लत फार जणांची होते. तुम्ही असा विचार केलात: उन्हात टेप लांबला, म्हणजे माप जास्त आले, म्हणून वजा करा. टेप लांबला हे बरोबर. पण लांबलेल्या टेपने माप जास्त येत नाही, कमी येते. टेपवरचा तीसचा आकडा प्रत्यक्षात तीस मीटर आणि वर काही मिलिमीटरवर जाऊन बसला आहे. तुम्ही मात्र त्याला तीसच वाचता. म्हणजे जमीन जास्त गेली आणि वहीत कमी लिहिली गेली. म्हणून तापलेल्या टेपची दुरुस्ती मिळवायची आणि गारठलेल्या टेपची वजा करायची. तुम्ही दोन्हीकडे उलटे केलेत, त्यामुळे दोन्ही मापे एकमेकांपासून आणखी लांब गेली.

आता आकडे घ्या. स्टील एका अंशाला मीटरमागे साधारण ०.०११६ मिलिमीटर वाढते. १४७ मीटरच्या मापाला हे एका अंशामागे १.७ मिलिमीटर होतात. टेपवर २० अंश छापले आहेत, म्हणजे त्या तापमानाला तो टेप खरा. जानेवारीच्या सकाळी तुमचा टेप बारा अंशांच्या आसपास असेल असे धरू: आठ अंश कमी, म्हणजे १४ मिलिमीटर वजा. १४७.३८ चे १४७.३६६ झाले. मेच्या दुपारी काळ्या जमिनीवर पडलेला टेप ४८ अंश धरू. हवा चाळीस असली तरी तापलेल्या मातीवरचा टेप हवेपेक्षा बराच गरम असतो, हाताला चटका बसतो इतका. अठ्ठावीस अंश जास्त, म्हणजे ४८ मिलिमीटर मिळवा. १४७.२६ चे १४७.३०८ झाले.

बारा सेंटिमीटरचा फरक सहावर आला. उरलेले सहा कुठे गेले? ते तुमच्या प्रश्नातच आहेत, ‘पिकाच्या वरून हवेत धरला’ या वाक्यात.

दोन टोकांना धरलेला टेप कधीच सरळ राहत नाही, त्याला झोळ पडतो. झोळ पडलेला टेप दोन खुंटांमधले सरळ अंतर मोजत नाही, त्या खाली लोंबलेल्या वाकाची लांबी मोजतो, आणि ती नेहमीच जास्त असते. म्हणून झोळाची दुरुस्ती कायम वजा. तिचे सूत्र सोपे आहे: अधांतरी टेपच्या वजनाचा वर्ग घ्या, त्याला लांबीने गुणा, आणि ताणाच्या वर्गाच्या चोवीस पटीने भागा. वजन आणि ताण एकाच एककात हवेत, एवढेच पथ्य. साधारण १३ मिलिमीटर रुंद, पाव मिलिमीटर जाड स्टील टेपचे वजन मीटरला २५ ग्रॅम, तीस मीटरला पाऊण किलो. छापलेले ५० न्यूटन म्हणजे ढोबळ पाच किलोचा ताण. हिशेब केला तर एका पूर्ण टेपला २८ मिलिमीटर येतात. मध्यभागी टेप किती खाली येतो तेही काढून बघा: छप्पन्न सेंटिमीटर. गव्हाच्या वर कमरेइतक्या उंचीवर धरलेला टेप मधोमध लोंब्यांना टेकत होता का, हे तुम्हालाच आठवेल.

हाताने ओढताना माणूस सहसा पाच किलोपेक्षा जास्त जोर लावतो. साडेसात किलो धरले तर झोळ एका टेपला साडेबारा मिलिमीटर होतो. चार पूर्ण टेप आणि शेवटचा २७.३८ चा तुकडा मिळून साठ मिलिमीटर वजा. जास्त ओढल्यामुळे स्टील थोडे ताणलेही जाते, त्याचे पाच मिलिमीटर मिळवायचे. निव्वळ ५४ वजा झाले आणि जानेवारीचे माप १४७.३१२ वर आले. मेचे १४७.३०८. चार मिलिमीटरचा फरक!

इथेच थांबून ‘जमले’ म्हणायचा मोह होईल. पण साडेसात किलो हा आकडा मी धरलेला आहे, तुम्ही मोजलेला नाही. तोच ताण सहा किलो होता असे धरले तर जानेवारीचे माप १४७.२७ च्या जवळ येते, आणि दहा किलो धरला तर १४७.३४. म्हणजे ताणाचा अंदाज दोन-चार किलोंनी चुकला की उत्तर सात सेंटिमीटर इकडेतिकडे सरकते. अशा मापातून हवे ते उत्तर काढता येते, म्हणून ते पुरावा म्हणून उभे करू नका. मेच्या मापाचे तसे नाही. टेप जमिनीवर होता, त्यामुळे झोळ नाही. पाच किलो जास्त ओढले असते तरी अख्ख्या बांधाला अकरा मिलिमीटरचाच फरक पडला असता. तापमान ४८ च्या ऐवजी ४२ असते तर दहाचा. तुमच्याकडे आज जे आहे त्यातले मेचे माप धरा, १४७.३१, आणि जानेवारीचे बाजूला ठेवा.

सूत्रे पुस्तकात आहेतच. मला सांगायचे आहे ते असे की दुरुस्ती करता येते ती ज्या गोष्टीची नोंद आहे तिचीच. तापमान निदान दिवस आणि वेळ आठवून अंदाजाने धरता येते. त्या सकाळी दोघांनी टेप किती ओढला, हे जगात कुठेही लिहिलेले नाही.

उपाय स्वस्त आहे. हुक असलेला साधा स्प्रिंग काटा टेपच्या पुढच्या टोकाला अडकवा आणि काटा ठरलेल्या किलोवर आला की मगच आकडा वाचा. टेप हवेत धरणे टळतच नसेल तर मधोमध तिसरा माणूस उभा करा आणि त्याच पातळीवर टेप हातावर झेलू द्या. एका आधाराने झोळाचा परिणाम निम्मा नाही, चौथाई होतो: २८ चे सात मिलिमीटर. द्राक्षबागेत मोजताना तारांचा आधार मिळतो, पण तार सगळीकडे एका पातळीत आहे का ते बघून घ्या. आणखी एक युक्ती जुन्या मोजणीदारांकडून चालत आली आहे. टेप जरा जोरातच ओढायचा, इतका की ओढण्याने वाढलेली लांबी आणि झोळाने खाल्लेली लांबी एकमेकींना मारून जातील. वर सांगितलेल्या टेपला तो ताण साडेतेरा किलोच्या पुढे-मागे येतो. तुमच्या टेपला वेगळा येईल. वजन आणि पात्याची जाडी-रुंदी मोजून एकदा काढून ठेवा आणि टेपच्या पेटीवर लिहून ठेवा. मात्र तेवढा ताण हाताने स्थिर धरता येत नाही, काठीला टेप बांधून अंगाच्या वजनाने रेलावे लागते.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलेच नाही आणि जे सगळ्यात आधी विचारायला हवे होते, ते. हा टेप मुळात तीस मीटरचा आहे का?

टेपवर रोमन आकडा छापलेला असतो, बहुधा दोनचा; तो त्याच्या अचूकतेचा वर्ग. दुसऱ्या वर्गाच्या ३० मीटरच्या टेपला ६.३ मिलिमीटरपर्यंत कमी-जास्त असण्याची मुभा आहे. म्हणजे अगदी नवाकोरा, काही दोष नसलेला टेपसुद्धा तुमच्या १४७ मीटरला तीन सेंटिमीटर कमी किंवा जास्त दाखवू शकतो. दोन्ही मापे एकाच टेपने घेतली, त्यामुळे ही चूक दोन्हींत सारखीच आली आणि तुम्हाला ती दिसली नाही. शेजाऱ्यांनी त्यांचा टेप आणला की दिसेल! पहिल्या वर्गाच्या टेपला मुभा निम्मी, ३.१ मिलिमीटर. त्यात जुना टेप असेल तर कडी वाकलेली, शून्याजवळचा भाग झिजलेला, कधी मध्ये तुटून रिव्हेट मारून जोडलेला. जोड मारताना दोन सेंटिमीटर एकमेकांवर चढले तर प्रत्येक टेपमागे तेवढे जातात, आणि टेपच्या शेवटच्या आकड्यांकडे बघून काहीच कळत नाही. शून्य कुठे आहे तेही बघा. काही टेपांना कडीच्या बाहेरच्या कडेला शून्य असते, काहींना कडीपासून काही सेंटिमीटर आत.

ताडून बघण्याची पद्धत अशी: कॉलेजच्या प्रयोगशाळेत किंवा एखाद्या चांगल्या सर्वेक्षकाकडे फक्त ताडण्यासाठी जपून ठेवलेला, प्रमाणपत्र असलेला स्टील टेप असतो. एखाद्या इमारतीच्या लांब सपाट फरशीवर, सावलीत, दोन्ही टेप शेजारी शेजारी पसरा, दोन्हींना काट्याने सारखाच ताण द्या, शून्याला शून्य जुळवा आणि तीसच्या रेघा बघा. दोन्ही स्टीलचे आणि एकाच सावलीत असल्यामुळे तापमानाचा प्रश्न आपोआप मिटतो. समजा तुमचा तीस चांगल्या टेपच्या ३०.००६ वर पडला. मग तुमचा टेप लांब आहे, माप कमी दाखवतो, आणि १४७ मीटरला २९ मिलिमीटर मिळवायचे. नियम तोच: खरे अंतर म्हणजे मोजलेले अंतर गुणिले टेपची खरी लांबी भागिले छापील लांबी.

क्षेत्रफळाला हे प्रमाण दोनदा लागते, लांबीला एकदा आणि रुंदीला एकदा. आपल्याकडच्या जुन्या मोजण्या शंकू साखळीने झाल्या, तेहतीस फुटांची साखळी आणि तिचे सोळा आणे. तेहतीस फूट बाय तेहतीस फूट म्हणजे एक गुंठा. साखळीच्या कड्या वापरून झिजतात, साखळी लांबते. ती चार इंच लांबली तर लांबीत साधारण एक टक्का, पण क्षेत्रात दोन टक्के. चाळीस गुंठ्यांच्या एकराला पाऊण गुंठ्याच्या वर जमीन कागदावर कमी लागते. कागदावर कमी आणि जागेवर जास्त असलेल्या शेताची गोष्ट निघाली की लगेच कुणीतरी बांध कोरला असा संशय घेऊ नये, हे मी शेतकऱ्यांना कळकळीने सांगत असतो.

तुमची जमीन सपाट आहे म्हणता, त्यामुळे चढाची दुरुस्ती थोडक्यात. चढावर टेप टाकून मोजलेले अंतर नेहमी जास्त, म्हणून दुरुस्ती वजा: दोन टोकांच्या उंचीतल्या फरकाचा वर्ग, भागिले लांबीची दुप्पट. तीस मीटरला दीड मीटर चढ असेल तर ३७ मिलिमीटर. तीन मीटर चढ असेल तर १५० मिलिमीटर. चढ दुप्पट, चूक चौपट. दिंडोरीत तुमचे निभावेल, पण त्र्यंबक, पेठ, इगतपुरीच्या बाजूला डोंगरउतारावरची जमीन मोजताना तापमानाचा विचारही नंतर करा, आधी चढ. डोळ्याला सपाट वाटणारी जमीनही लेव्हल (उंचीतला फरक मोजायचे यंत्र) लावल्याशिवाय सपाट मानू नका. आपल्याकडचा हलका उतार डोळ्याला कळत नाही. यंत्र नसेल तर दहा-दहा मीटरच्या पायऱ्या करत, टेप आडवा पातळीत धरून, उताराकडच्या, हवेत असलेल्या टोकाला ओळंबा सोडत उतरा. ओळंब्याचा गोळा स्थिर होईपर्यंत थांबा. वाऱ्याच्या दिवशी हे काम करू नका.

रेषेबाहेर गेल्याची चूक मात्र लोकांना वाटते तितकी मोठी नसते. तीस मीटरच्या मध्यावर टेप बांधावरच्या बाभळीमुळे ३० सेंटिमीटर बाजूला वळला, तर फरक सहा मिलिमीटर. रेंजिंग रॉड, म्हणजे रेषा सरळ ठेवायला रोवायच्या काठ्या, लावलेत तर तेवढाही नाही.

या साऱ्या मिलिमीटरांच्या चुका. त्यांच्या आधी गफलती काढा: एक पूर्ण टेप मोजायचाच राहणे, उलट्या धरलेल्या टेपवर सहाचा नऊ वाचणे, मागच्या माणसाने शून्याऐवजी दहाचा आकडा खुंटावर धरणे. यांना कुठलीही दुरुस्ती नाही. उलट दिशेने पुन्हा मोजणे हाच इलाज, आणि परतीच्या वेळी पुढच्या-मागच्या माणसांची अदलाबदल करा. जाताना-येताना जुळले तर गफलत नाही, एवढेच सिद्ध होते. टेप लांब असेल तर तो जातानाही लांब आणि येतानाही लांब. ‘दोनदा मोजले, दोन्ही वेळा सारखेच आले’ हे टेप बरोबर असल्याचे प्रमाण नव्हे.

शेजाऱ्यांकडे फायबर ग्लासचा टेप असेल तर स्टीलची सूत्रे त्याला लावू नका. तो ताणाने फार वाढतो, म्हणून त्यावर ताणही कमी छापलेला असतो, बहुधा २० न्यूटन. शेततळी, नळ, ठिबकच्या ओळी मोजायला उत्तम, हद्दीसाठी नको.

आणि एक जागा अशी आहे जिथे वरची सगळी चिन्हे उलटतात. तुम्ही आहे ते अंतर मोजत आहात. उद्या प्लॉट पाडायचे, कॉलमचे खुंट ठोकायचे काम आले, तर अंतर आधी ठरलेले असते आणि ते जमिनीवर आखायचे असते. ४५ अंशांच्या टेपने तीस मीटर आखले तर खुंट प्रत्यक्षात तीस मीटर नऊ मिलिमीटरवर बसेल. म्हणून तिथे टेपवर २९.९९१ वर खूण करायची. मोजताना मिळवले, आखताना वजा केले. पाठ करायला जाऊ नका, पाठ केलेले उन्हात उलटे होते. प्रत्येक वेळी मनात एकच प्रश्न विचारा: टेपचा तीस आत्ता खऱ्या तीसच्या पुढे आहे की मागे?

आता क प्रतीवरच्या १४७.३ बद्दल. हा आकडा नकाशावर लिहिलेला आहे, की तुम्ही पट्टी लावून काढलात? १:१००० च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जागेवर पन्नास सेंटिमीटर. पट्टीने काढलेला आकडा असेल तर त्याच्याशी सेंटिमीटर जुळवण्यात अर्थ नाही. जुळले तर योगायोग.

मोजणी रोव्हरने, म्हणजे उपग्रहांवरून जागा काढणाऱ्या यंत्राने, झालेली असेल तर आणखी एक गोष्ट माहीत हवी. रोव्हर जे निर्देशांक देतो ते बहुधा यूटीएम प्रक्षेपणात असतात, म्हणजे गोल पृथ्वी पट्ट्यापट्ट्यांनी सपाट कागदावर मांडायच्या पद्धतीत. आपला पट्टा ४३, त्याचे मध्य रेखावृत्त ७५ अंश पूर्व, आणि तिथे अंतरे मुद्दाम ०.९९९६ ने गुणून आखूड केलेली असतात. नाशिक त्या रेषेच्या पश्चिमेला सव्वाशे किलोमीटरवर आहे, इथे हे आखूडपण किलोमीटरला वीस सेंटिमीटरच्या आसपास राहते. शिवाय नाशिक समुद्रसपाटीपासून ५८० मीटरच्या जवळपास उंचीवर आहे. तेवढ्या उंचीवरचे अंतर खाली समुद्रपातळीवर उतरवले की किलोमीटरला आणखी आठ-नऊ सेंटिमीटर कमी होतात. दोन्ही मिळून शंभर मीटरला सुमारे तीन सेंटिमीटर. म्हणजे तुमचा टेप आणि रोव्हर दोन्ही शंभर टक्के बरोबर असूनही, १४७ मीटरच्या बांधाला निर्देशांकांवरून काढलेले अंतर टेपपेक्षा चार सेंटिमीटरच्या वर कमी येईल. यात कुणीही चुकलेले नसते. मोजणीच्या कागदावर जमिनीवरचे अंतर दिले आहे की प्रक्षेपणातले, एवढे विचारून घ्या, आणि दोन निर्देशांकांची वजाबाकी करून शेजाऱ्यांच्या दारात जाऊ नका.

शेजाऱ्यांना आज सांगता येईल ते एवढेच: आमच्या मापाने बांध १४७.३१ भरतो, टेप अजून ताडलेला नाही, त्यामुळे तीन-चार सेंटिमीटर इकडेतिकडे धरा. हद्दीचा वाद खरोखर असेल तर तो तुमच्या टेपने मिटणार नाही, माझ्याही नाही. दोघांनी मिळून भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा आणि भूकरमापक येतील तेव्हा दोन्ही घरची माणसे हजर ठेवा.

अभ्यासासाठी मात्र तो बांध पुन्हा जरूर मोजा. टेप ताडून घ्या. ढगाळ दिवस निवडा किंवा सूर्य उगवण्याच्या सुमारास जा, म्हणजे टेप, हवा आणि माती यांच्या तापमानात फारसा फरक नसतो. टेपच्या पात्याला लागून थर्मामीटर ठेवा, हवेत टांगू नका. प्रत्येक टेपपुढे फील्ड बुकात तापमान, ताण, टेप जमिनीवर की अधांतरी, आणि दोन टोकांच्या उंचीतला फरक लिहा. दुरुस्त्या घरी आल्यावर करा. शेतातला मूळ आकडा खोडू नका, दुरुस्तीचा रकाना वेगळा आखा. मग परतीचे माप घ्या. दोन्ही दुरुस्त आकडे एका सेंटिमीटरच्या आत आले की कळवा, आणि ताडताना टेप किती भरला तेही लिहा.